तिच्या बाजूचा ब्रेक

नवऱ्याने पुन्हा एकदा गाडी चहाच्या टपरीपाशी उभी केली आणि विचारलं, "घेणार ना थोडा?"

"आई सिरीयस आहे म्हणालात ना?" ती म्हणाली.

"आहेत. पण तशी घाई नाही. डॉक्टर आहेत तिथे." एवढं बोलून तो उतरला आणि चहावाल्याला साखर किती घालायची ते समजावू लागला.

आई पहाटेच गेली होती. गाडीतल्या तिघांनाही ते माहीत होतं. नवऱ्याला तिच्या भावाने फोन करून सांगितलं होतं, मागच्या सीटवरच्या लेकीला बापाने स्वयंपाकघरात कुजबुजून सांगितलं होतं, आणि तिला आईच्या शेजारणीने. पोटच्या मुलीला तरी कळवलं असेल, असं त्या भाबड्या बाईला वाटलं होतं. आता गाडीत अळीमिळी गुपचिळी चालली होती. तिला कळलंय, हे तेवढं या दोघांना कळलं नव्हतं. तीही बोलली नाही. बघू या कोणाला आधी तोंड फुटतं ते, म्हणून बसून राहिली, आणि दर थांब्याला तिचा राग चढत गेला.

गाडी तिचीच होती. ड्रायव्हिंग स्कूलची, छतावर ‘शिकाऊ’ अशी पाटी असलेली. अर्धं गाव तिच्या शेजारी बसून गाडी शिकलं होतं. नवराही शिकला होता, दोनदा परीक्षेत आपटी खाऊन. सकाळी तिने किल्ली उचलली तेव्हा त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली होती.

"अशा अवस्थेत तू चालवणार?"

"अशा म्हणजे कशा?"

"म्हणजे... टेन्शन असेल ना तुला," तो चाचरत म्हणाला होता.

म्हणून ती रोजच्याच जागेवर बसली होती, शिकवणाऱ्याच्या. पायाशी तिच्या बाजूचा क्लच, तिच्या बाजूचा ब्रेक.

चहा झाला. गाडी रस्त्याला लागली, पण तिसऱ्या गिअरच्या वर जाईना. मागून येणारे ट्रक पाटी वाचून लांबून वळसा घालून पुढे जात होते.

"चौथा टाका."

"राहू दे गं. नीट चाललीय."

ती मागे वळली. "आजी कशी असेल गं?"

लेकीने खिडकीबाहेर बघितलं. "असेल बरी. तू झोप ना जरा." तिचे डोळे सुजले होते आणि सकाळपासून ती सर्दीचं नाव सांगत होती. पोरीची दया यायला हवी होती. पण ही एवढीशी मुलगीही हा धंदा शिकली, या विचाराने तिच्या डोक्यात तिडीक गेली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. समोर अडकवलेल्या फोनवर तिच्या भावाचं नाव आलं. नवऱ्याने तो बंद करायला हात पुढे केला, पण शिकाऊंच्या आधी पोचायची तिच्या हाताला सवय होती.

"दाजी," भावाचा आवाज गाडीभर घुमला, "तुम्ही म्हणालात तसंच करतोय. ताईला झेपणार नाही, तर उगाच वाट बघत नाही. आईला घेऊन निघतोच आता."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने काम नीटच केलं. एका हाताने स्टिअरिंग कडेला वळवलं, क्लच आणि ब्रेक हळूहळू दाबत नेले, आणि गाडी रस्त्याच्या कडेला अलगद उभी राहिली.

"मी बोलतेय," ती फोनमध्ये म्हणाली. "मी चेहरा बघितल्याशिवाय आईला कोणी हात लावायचा नाही."

"ताई? अगं, लोक खोळंबलेत इथे."

"खोळंबू देत. खुर्च्या दे त्यांना बसायला. ती माझीही आई आहे."

"बरं," भाऊ म्हणाला. "थांबतो."

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना मी," नवरा म्हणाला. "तुला सहन झालं नसतं."

"आईची आई गेली तेव्हा तिलाही असंच नेलं होतं. जरा बरं नाही, म्हणून. ती पोचली तेव्हा अंगणातल्या खुर्च्या उचलत होते. जन्मभर म्हणायची, वाटेत सांगितलं असतं तर रडणं वाटेतच उरकलं असतं, तिथे डोळे पुसून नीट बघता आलं असतं. तुमच्यासमोर म्हणायची. शंभरदा ऐकलंय तुम्ही." तिने पट्टा सोडला. "उतरा."

"तुझ्या डोळ्यांत पाणी आहे. रडत रडत गाडी चालवणार?"

"हो. उतरा."

त्यांनी जागा बदलल्या. तिने सीट पुढे घेतली, आरसा जुळवला, इंडिकेटर दिला, मागे बघितलं आणि गाडी काढली. तिसरा, चौथा, पाचवा. मग तिने तोंड उघडून मोठ्याने रडायला सुरुवात केली. हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर ठेवून ती "आई गं" म्हणत रडत राहिली. मागे लेकीचाही बांध फुटला.

पुढे एक ट्रक होता. तिने हॉर्न दिला, समोरचा रस्ता मोकळा आहे हे बघितलं आणि गाडी बाहेर काढली. शेजारी नवऱ्याचा पाय हळूच पुढे सरकला, ब्रेककडे. तिने मान वळवली नाही. दुसऱ्यांचे पाय ओळखण्यात तिचा जन्म गेला होता.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

त्याने चपला काढल्या आणि दोन्ही पाय सीटवर घेऊन बसला.