जुन्याच पत्त्यावर

"फोटोंसाठी जुनंच ॲप टाकणार," अण्णांनी वहीत बरोबरची खूण केली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

फोनच्या स्पीकरवर लेक वैतागली. "अण्णा, त्या ॲपला आता कुत्रं विचारत नाही. नवीन घ्या ना. ते चेहरेसुद्धा ओळखतं."

"आपल्या घरातले चेहरे मला ओळखता येतात."

टेबलावर एक जुना, डब्याएवढा कॉम्प्युटर झाकण उघडून पडला होता. सगळी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही अण्णांचे हात शिवशिवत. आता त्यांनी घरचा सर्व्हर करायला घेतला होता. फोटो, कागदपत्रं, पासवर्ड, सगळं आपल्याच घरात. कुठल्या कंपनीच्या दारात जायला नको. तीन आठवडे ते जावई शोधावा तशी ॲप शोधत होते. हे दिसायला बरं, पण सारखं अपडेट मागतं. ते गुणी, पण मेमरी फार खातं. कागदपत्रांच्या ॲपवर बापलेकीचं एकमत झालं, पासवर्डच्या बाबतीत अण्णांनी लेकीचं ऐकलं. गाडं अडलं ते फोटोंपाशी.

"आणि सर्व्हरचा पत्ताही जुनाच ठेवणार," अण्णा म्हणाले.

"तो कशाला?" बायको स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी होती. "मशीन नवं आहे, नावही नवं द्या. जुनं कशाला उकरून काढायचं?"

"सवयीचं आहे, म्हणून."

खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. घरातला पहिला सर्व्हर मुलाने उभा केला होता. त्याच्या फोनवर काढलेला प्रत्येक फोटो आपोआप घरी येऊन पडायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने एका घटस्फोटित मुलीशी लग्न ठरवलं आणि अण्णांच्या तोंडून नको ते निघून गेलं. "तू मला मेलास. आणि तुझ्याशी जो संबंध ठेवेल, तोही मेला." त्याच संध्याकाळी त्यांनी सर्व्हरचा प्लग स्वतःच्या हाताने उपटला. त्यानंतर या घरात मुलाचं नाव निघालं नाही. बायको एका शब्दानेही आडवी आली नव्हती. तिने काळजावर दगड ठेवला आहे हे अण्णांना दिसत होतं, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त टोचत होतं.

शब्द मागे घ्यायचा तर तोंड उघडायला हवं. ते काही जमेना. मग त्यांनी आपल्या धंद्यातली वाट धरली. जुनी डिस्क शोधली. तिच्यात मुलाचं खातं पासवर्डासकट शाबूत होतं. ते फोटोंचं जुनं ॲप एक नंबरचं चिवट. समोरून उत्तर येईपर्यंत फोनमधून जुन्या पत्त्यावर दार ठोठावत राहतं. मुलाने ते काढून टाकलं नसेल तर एखादा फोटो येईल. एक आला तरी पुरे. पोरगा कुठे आहे, कसा आहे, एवढं कळलं की अण्णा स्वतः त्याच्या दारात जाणार होते. तसं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

"निदान आज चालू करू नका," लेक म्हणाली. "उद्या मी येते, मग मिळून बघू."

"उद्या शनिवार. संध्याकाळी माझी पेन्शनरांची बैठक असते."

"हो, ती मुळीच चुकवू नका," बायको लगेच म्हणाली. "तेवढाच तुमचा चार माणसांत वेळ जातो."

"बरं, बरं," म्हणत अण्णांनी फोन ठेवला. बायको आत गेली. पाच मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं. कोणाचं ऐकतील तर ते अण्णा कसले.

हिरवा दिवा लागला. स्क्रीनवर मुलाच्या खात्यापुढे शून्य होतं. पाव तास झाला तरी शून्यच. काढून टाकलं असणार, अण्णांना वाटलं. शेवटी मुलगा कोणाचा.

मग शून्याचा एक झाला. एकाचे नऊ. नवाचे तीनशे चाळीस.

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. भरल्या डोळ्यांना आकडे दिसेनात, तेव्हा शर्टाच्या टोकाने चष्मा पुसून ते पुन्हा स्क्रीनला चिकटले.

सगळ्यात जुने फोटो आधी येत होते. रिकामी खोली, जमिनीवर गादी. दोन ताटल्या. हसणारी सून; तिचा चेहरा त्यांनी कधी धड पाहिलासुद्धा नव्हता. दवाखान्याचा पलंग. आणि दुपट्यात गुंडाळलेलं एक बाळ.

नात! आपल्याला नात झाली आणि आपण इथे डबडी जुळवत बसलो. अण्णांना आनंदही झाला आणि लाजही वाटली. नात रांगली, तिला दोन दात आले, ती भिंतीला धरून उभी राहिली. बायकोला हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आणखी फोटो आले. बिचारी. तीन वर्षं मुलाचं तोंड बघायला आसुसली. आता तिला हे दाखवायचं, आणि उद्याची बैठक गेली खड्ड्यात, उद्याच दोघांनी जायचं.

आकडा थांबला. अण्णांनी शेवटचा फोटो उघडला. गेल्या शनिवारचा होता, संध्याकाळी पाच वीसचा, फोन टेकवून टायमरवर काढलेला.

मुलगा जमिनीवर मांडी घालून बसला होता. शेजारी सून. लेक टाळ्या वाजवत होती आणि बायको वाकून नातीला घास भरवत होती. मागच्या टेबलावर झाकण उघडलेला, डब्याएवढा कॉम्प्युटर होता. नात एका मोठ्या खुर्चीत ऐसपैस बसली होती. त्या खुर्चीचा उजवा हात मोडका होता, आणि टेलिफोनच्या पिवळ्या तारेने आवळून बांधलेला होता.

अण्णांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात त्याच पिवळ्या तारेवर होता.