अवदची फाईल

तिसरं पिंप पेटवलं तेव्हा दुपार झाली होती. कचेरीतला कारकून उबैद कपाटांतून फायली काढून अंगणात आणत होता आणि इंग्रज सार्जंट त्या काठीने आगीत लोटत होता. चार दिवसांत एडन सोडायचं होतं. एकशे अठ्ठावीस वर्षांचं राज्य, पण मागे कागदाचा कपटाही ठेवायचा नाही, असा हुकूम होता.

फाटकाशी म्हातारी सलामाखाला येऊन उभी राहिली. दर सोमवारी यायची तशीच. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाला, अवदला, गोदीतल्या संपातून उचलून नेलं होतं. तेव्हापासून ती एकच विचारायची, "माझ्या अवदचा काही कागद आला का?" उबैद म्हणायचा, "साहेबांच्या टेबलावर आहे, खाला. पुढच्या सोमवारी ये." खरं काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. कैद्यांच्या कपाटाची किल्ली अरब कारकुनाच्या हाती कधी येत नसे.

आज ते कपाट सताड उघडं होतं.

"आता पुढचा सोमवार नाही, पोरा," ती गजांतून म्हणाली. "आज बघ."

सार्जंट पाणी प्यायला गेला होता. उबैद आत गेला. फाईल लगेच सापडली. आत एकच पान. वर अवदचं नाव, खाली अटकेची तारीख, आणि अकरा दिवसांनंतरची नोंद : कोठडीत मृत्यू.

त्याला पुढे वाचवेना. दोन वर्षं तो या बाईला सोमवारमागून सोमवार देत आला होता. बाहेर गावात लोक झेंडे शिवत होते, गच्च्यांवर गाणी चालली होती. आजच्या दिवशी हिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तो अंगणात आला, फाईल स्वतःच्या हाताने आगीत टाकली आणि फाटकापाशी गेला.

"नाव सापडलं, खाला. त्याला बोटीतून दुसरीकडे हलवलंय. हे लोक गेले की सगळे सुटून येतील."

सलामाखाला त्याच्या खांद्यावरून पिंपाकडे बघत होती.

"आत्ता टाकलीस ती त्याची होती?"

"हो."

"अवद गेला, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं," ती म्हणाली. "त्याच्या कोठडीतला एकजण सुटून आला होता. पण मेला असं मी म्हटलं असतं, तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतं."

उबैद गजांजवळ सरकला. "मग इतके दिवस कशाला येत होतीस?"

"पुरलं कुठे, तेवढंच हवं होतं. इंग्रज तेही लिहून ठेवतात म्हणे."

उबैद पिंपाकडे धावला. पान काळं पडून वर उडालं होतं. मृत्यूच्या नोंदीखाली आणखी दोन ओळी होत्या. त्या त्याने वाचल्या नव्हत्या.