खात्रीचं कार्ड

"सकाळपासून कॅमेऱ्याने हात वर केलेत. कार्ड वाचता येत नाही म्हणतो." तिने टपालाच्या तिकिटाएवढं कार्ड काउंटरच्या काचेवर ठेवलं. "मला आत्ताच्या आत्ता दुसरं हवंय. खात्रीचं."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि कार्ड डोळ्यांजवळ नेऊन उलटंसुलटं केलं.

"हे माझ्याकडचं नाही. कुठून घेतलंत?"

"पुलाखाली एक जण चादर पसरून बसायचा. आता बसत नाही."

"कसा बसेल? लोक शोधत असतील त्याला." तो हसला. "नकली आहे, ताई. वर छापलंय चौसष्ट जीबी, आत जागा चिमूटभर. बडा घर, पोकळ वासा. दहा-वीस फोटो मावतात, पुढचे सगळे नावापुरते."

"म्हणजे भरल्यावर होतं काय?"

"काहीच होत नाही, हेच तर वाईट. कॅमेरा वाजतो, आकडा पुढे सरकतो, माणूस खूश. मग फोटो उघडायला जावं तर नुसती राखाडी चौकट. तुमचे किती गेले?"

"अडीच महिन्यांचे. बाबा रोज सकाळी आईचे फोटो काढतात. एकही राहिला नाही."

दुकानदार चुकचुकला. तिचे बाबा त्याला माहीत होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आणि सत्तरीत कॅमेरा हातात आला. थोरल्या मुलाने पाठवलेला. बटणं समजून घ्यायला मुलीला घेऊन याच दुकानात आले होते.

"पण कॅमेऱ्याबरोबर एक कार्ड आलं होतं ना? चांगलं होतं ते."

"होतं. मीच काढून ठेवलं."

"का बरं?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सकाळपासून चौथ्यांदा.

"मिळालं का गं?" बाबांचा आवाज दुकानदारालाही ऐकू गेला. "ती कधीची खुर्चीत बसलीये. हलू नकोस म्हणून सांगितलंय मी. आणि इकडे ऊन सरकतंय!"

"आलेच, बाबा. दहा मिनिटं."

तिने फोन पर्समध्ये टाकला. ऊन खुर्चीवरून उतरायच्या आत फोटो झाला नाही, की बाबा दिवसभर अन्नाला शिवत नसत. काल ढग होते. काल ते पाण्याच्या दोन घोटांवर राहिले होते.

"काकू वैतागल्या असतील," दुकानदार म्हणाला.

"आई काही बोलत नाही."

"तब्येत बरी नव्हती ना त्यांची?"

"दोन वर्षं अंथरुणात गेली."

"आणि आता खुर्चीत बसून फोटो काढून घेतायत! वा. मग तर ताई, या नकली मालाच्या वाटेला जाऊच नका." त्याने खालून गोळ्यांची एक जुनी पत्र्याची डबी काढली आणि काचेवर पालथी केली. वीस-पंचवीस कार्डं पसरली. "हा माझा अजायबखाना. यातलं प्रत्येक कार्ड कुणीतरी काठोकाठ भरून, रडत परत आणलेलं. कुणाचं लग्न गेलं, कुणाचं बारसं. हात लावून बघा, म्हणजे ओळखायला शिकाल. नकली हलकं लागतं. छपाई बोटाने फिकी होते."

ती एकेक उचलून तळहातावर तोलत राहिली.

"कॅमेऱ्यात बिनतक्रार बसतात ही?"

"जावयासारखी! खोड नंतर कळते."

ती हसली नाही. "फोटो काढल्यावर दोन सेकंद पडद्यावर दिसतो, ते मागे तुम्ही बंद करून दिलं होतंत."

"बॅटरी वाचवायला ना? ते तसंच राहील. कार्ड बदलल्याने बदलत नाही." त्याने मागच्या फळीवरून दोन पाकिटं काढली. "नवशिक्याने एकच मोठं घेऊ नये. लहान दोन घ्यावीत. एकाने दगा दिला तर दुसरं हाताशी."

त्यातलं एक त्याने दुकानातल्या कॅमेऱ्यात घातलं, तिचा फोटो काढला आणि पडदा तिच्याकडे वळवला. डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा स्वच्छ उतरली होती.

"बघा. यात लपवाछपवी नाही. समोर जे असेल तेच दिसणार."

"हो," ती म्हणाली. "बिल करा."

तो पाठ वळवून बिल करू लागला. तिने पसरलेली कार्डं डबीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि डबी त्याच्या बाजूला सरकवली.

ती घरी पोचली तेव्हा खुर्चीच्या एका हातावर तेवढं ऊन उरलं होतं. बाबा समोर स्टुलावर बसले होते. सदऱ्याचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, कॅमेरा गळ्यात. तिने पर्समधून कार्ड काढून स्वतःच बसवलं. कॅमेऱ्याने तक्रार केली नाही.

"सरक जरा. तुझी सावली पडतेय तिच्यावर."

ती सरकली.

"हां. हनुवटी वर. अगं, हस की! पैसे पडतात का हसायला?"

खटक. खटक. खटक.

"आता बघू." बाबांनी बटण दाबलं. राखाडी चौकट. पुढचीही राखाडी. त्याच्या पुढचीही.

"हेसुद्धा फसवं निघालं?"

"हो, बाबा."

"चोर आहेत लेकाचे!" मग त्यांनी कॅमेरा गळ्यातून काढला. "जाऊ दे. उद्या काढू. वाढ मला, भूक लागलीये." उठताना ते खुर्चीकडे वळले. "तू कुठे पळून जातेस?"

तिने दोन ताटं वाढली. बाबांनी भराभर जेवायला सुरुवात केली. दुकानातली दोन्ही अस्सल कार्डं बिलात गुंडाळलेली, पर्समध्ये तशीच होती; कॅमेऱ्यात होतं ते डबीतलं. दादाने कॅमेऱ्याबरोबर पाठवलेल्या कार्डावर सगळं स्वच्छ उतरलं होतं: उशी, घडी घातलेली शाल, मागची खिडकी, रिकामी खुर्ची. तो फोटो बघून बाबा संध्याकाळपर्यंत घरभर हाका मारत फिरले होते, आणि आईला जाऊन वर्ष झालं, हे तिला त्यांना पुन्हा एकदा पहिल्यांदाच सांगावं लागलं होतं.