टेबलावरचा रिव्हर्स

हरिहररावांनी वडिलांच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून घरात आणला, जेवणाच्या टेबलावर पेपर पसरले आणि एकेक दातेरी चाक घासूनपुसून तीन महिन्यांत तो पुन्हा जुळवला. तेवढ्यात दसरा आला. गाडी चालणार नव्हती, तरी मंदाकिनीबाईंनी रीतीप्रमाणे चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि मग सीट पुसायला त्या आत बसल्या.

इकडे हरिहररावांनी टेबलावरच रिव्हर्स टाकून शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. अगदी लोण्यासारखा फिरला.

मोबाइल वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"अहो, गाडी मागे चाललीय."

"अगं, गिअरबॉक्स इथे माझ्यासमोर आहे," म्हणत त्यांनी हसून हात काढला. शाफ्ट फिरतच राहिला.

"थांबवा ना. ब्रेक लागत नाहीये."

त्यांनी गिअरचा दांडा ओढला, मग टेबलाला पाय लावून दोन्ही हातांनी ओढला. तो जागचा हलेना. शाफ्ट फडक्याने घट्ट धरला, तर त्याने फडकंच गुंडाळून घेतलं.

"मंदा, मागे भिंत आहे. दार उघड आणि उतर."

"भिंत कधीच गेली." आवाज खूप लांबून येत होता. "सोसायटीही गेली. अजून किती मागे घेताय?"

ते तळमजल्याच्या खिडकीशी धावले. मानपाड्याच्या लख्ख उन्हात गाडी जागच्या जागी उभी होती. चारही लिंबं शाबूत होती. आत कोणी नव्हतं.

आणि पाठीमागे टेबलावर शाफ्टने वेग घेतला.