गाभ्याबाहेर

नेटवर्कची सेवा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात ठेवायची की बाहेर, यावर टीमचं गाडं अडलं होतं. आज टीमच्या म्होरक्यानं निकाल लावून टाकला.

"बाहेरच ठेवा. आत कोसळली तर सगळ्यांना घेऊन कोसळेल. बाहेर कोसळली तर आतल्या कामाला धक्काही लागणार नाही."

"पण कोसळलीय हे आतल्यांना कळणार कसं?" टेस्टिंगवाल्या बाईंनी विचारलं.

"पहारेकरी प्रोग्रॅम बसवू. तो दर सेकंदाला हाक मारेल, आहेस ना? ओ आली नाही की बोंब ठोकेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी म्होरक्या घरी आला, तेव्हा लेक गणितं सोडवत होती, वॉशिंग मशीन फिरत होतं, बायको पानं घेत होती. फक्त अंगणापलीकडच्या खोलीत दिवा नव्हता. आईच्या खोकल्यानं सगळ्यांची झोपमोड व्हायची, म्हणून त्यानंच तिची सोय तिकडे केली होती.

दार ढकललं. आई जमिनीवर पडली होती, केव्हाच थंड झालेली.

मागून आलेली बायको चौकटीतच थबकली. "सकाळी तुम्ही डोकावला होतात ना?"



"मला वाटलं, तू."