इकडे सगळं छान!

कारखान्यांची मशिनं दुरुस्त करत गावोगाव फिरणाऱ्या नवऱ्याचं ब्लडप्रेशर वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी बायकोलाच दम भरला, "हे दौऱ्यावर असताना घरची कटकट यांच्या कानावर घालायची नाही!"

बिचारीने तोंडाला कुलूप लावलं. रोज फोनवर एकच पालुपद, "इकडे सगळं छान!"

शेवटी एकदा हॉटेलातल्या पलंगावर पडल्यापडल्या त्याने रडवेल्या आवाजात विचारलं, "अगं, आल्यापासून डोळ्याला डोळा नाही. खरं सांग, काय लपवतेयस?"

मग मात्र तिचा बांध फुटला. "ऐकाच आता! नळ गळतोय, तुमच्या आईंनी अबोला धरलाय, चिरंजीवांनी गणितात दिवे लावलेत, आणि तुम्ही तिकडे एसीत लोळताय! ऐकताय ना? अहो?"



पलीकडून निवांत घोरण्याचा आवाज येत होता.