गोधड्यांच्या घड्या

नीरजा गेल्याचं श्रीधररावांना कळलं, त्या दिवशी सकाळी ऑक्टोबरचं कडक ऊन होतं. तिने गच्चीवर गोधड्या उन्हात घातल्या आणि जेवण उरकून मंडईला निघताना बजावलं, “अहो, दुपारी वादळी पाऊस सांगितलाय. गोधड्या आत घ्या.”

“वेधशाळेने सांगितलाय? मग दोन दिवस ऊन पक्कं.”

तीन वाजता आभाळ काळंकुट्ट झालं. श्रीधररावांनी मुकाट्याने गोधड्या आणून दिवाणावर टाकल्या, तेवढ्यात फोन वाजला. मंडईच्या रस्त्यावर नीरजाच्या रिक्षावर झाड पडलं होतं.

आता थंडी पडली आहे. दिवाणावरचा गोधड्यांचा तसाच पडलेला ढीग बघून शेजारची स्पृहा म्हणाली, “काका, मी धरते एक टोक.”

“राहू दे गं.”



दुसरं टोक कायम नीरजा धरायची. घड्या अजून व्हायच्या आहेत.